वॉर्डातली गरज निगमच्या कागदावर कशी चढवायची

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात दर रविवारी संध्याकाळी बगिच्याच्या भिंतीला लागून अकरा बायका बसतात. पापड, चकली, गोडा मसाला, दिवाळी जवळ आली की अनारसे. त्यावर घरं चालतात. पण जागा हक्काची नाही, कुणी उठवलं की गाठोडं बांधायचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला होता: महिलांच्या स्वयंरोजगारासाठी योग्य ती व्यवस्था करण्यात यावी. तो कुठे गेला ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं. पुढे लक्षात आलं की त्या वाक्यावर कोणाला काही करताच आलं नसतं. कुठली जागा, किती फूट, किती जणी, काहीच त्यात नव्हतं. दुसऱ्या खेपेला आम्ही काय केलं ते सांगते, तुमच्या वॉर्डात उपयोगी पडेल.

आधी दार नीट ओळखा. इंदूरमध्ये शहराची विकास योजना, म्हणजे कुठे वस्ती, कुठे बाजार, कुठे बगीचा याचा नकाशा, नगर तथा ग्राम निवेश विभाग करतो. वसाहतींच्या स्कीमा टाकणं, प्लॉट पाडणं इंदूर विकास प्राधिकरणाचं काम. रस्ता, दिवे, सफाई, हाट म्हणजे आठवडी बाजार, हे नगर निगमचं, म्हणजे महानगरपालिकेचं. पार्षद, म्हणजे नगरसेवक, म्हणाले की रोजगार आमच्या हातात नाही, तर शांतपणे राज्यघटनेची बारावी अनुसूची काढून दाखवा. ती 74व्या घटनादुरुस्तीने आली, 1 जून 1993 पासून लागू झाली, आणि तिच्यातल्या नगरपालिकांच्या अठरा विषयांत आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग मोजणी. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच टाळतात. आम्ही चार रविवार पाच ते आठ वही घेऊन उभ्या राहिलो. कोण काय विकते, कुठून येते, गिऱ्हाईक स्कूटर कुठे लावतं, दिवा कुठपर्यंत पोहोचतो, सगळं टिपलं. शेजारच्या मावशींकडे शिवणकामाची टेप होती, ती पुरेना, म्हणून सुतारकाम करणाऱ्या भाच्याकडून मोठी आणली. भिंत भरली 62 फूट. एकेकीला चार फूट बसायला आणि एक फूट मधे, म्हणजे अकरा जणींना 55. उरलेले सात फूट फाटकासाठी मोकळे. ही बेरीज वहीत मांडल्यावर आमचं बोलणंच बदललं. तोवर आम्ही विनंती करत होतो, आता प्रस्ताव हातात होता.

या इंदूरला अशा मोजणीची जुनी ओळख आहे. होळकर दरबारासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली शहराचा अहवाल दिला. नकाशावर रेघ ओढण्याआधी शहर समजून घ्यावं, हे त्यांचं सांगणं. मला ते मनापासून पटतं.

अर्ज एका पानाचा ठेवा. मराठीत विचार करा, पण द्या हिंदीतच, इथला कारभार हिंदीत चालतो. पहिल्याच वाक्यात मागणी हवी: अमुक बगिच्याच्या पूर्वेच्या भिंतीलगतची 55 फूट जागा रविवारी संध्याकाळी 5 ते 8 विक्रीसाठी आखून मिळावी. खाली हाताने काढलेला नकाशा आणि सगळ्यांच्या सह्या. समोरच्या घरांच्या सह्या जरूर घ्या, विरोध तिथूनच होतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिना गेला नि उत्तर नाही, तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात त्याच क्रमांकावर काय कार्यवाही झाली ते विचारा.

फेरीवाल्यांच्या बाबतीत 2014 चा पथविक्रेता कायदा पाठ असू द्या. फेरीवाल्यांचे प्रश्न पाहणाऱ्या नगर विक्रय समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हायलाच हवं, आणि ते पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या दिवशी सगळ्यांनी जागेवर हजर राहा. आमची एक जण लग्नाला गेली होती, तिचं नाव आत घालायला चार चकरा पडल्या.

पैशाचं काम असेल, दिवा, फरशी, प्रसाधनगृह, तर वेळ पाळा. निगमचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. मार्चमध्ये गेलात तर मद, म्हणजे खर्चाची खाती, ठरून गेलेले असतात. दिवाळी आटोपली की लगेच पार्षदांकडे जा आणि हे काम कोणत्या मदात बसेल, एवढाच प्रश्न धरून बसा. चांगला पार्षद तिथेच फोन लावतो.

विकास योजनेचा मसुदा निघाला तर मात्र घाई करा. मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याने हरकती आणि सूचनांसाठी तीसच दिवस मिळतात. आपली गल्ली नकाशावर शोधा, रंगांची सूची वाचा. मैदान वेगळ्याच रंगात दिसलं तर त्याच मुदतीत लेखी द्या. योजना मंजूर झाल्यावर ती बदलून घेणं फार जड जातं.

आमच्याकडे गेल्या महिन्यात पाहणीला दोघं आले. त्यांनी विचारलं, भिंत किती आहे? मावशींनी टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन त्या फाटकापर्यंत चालत गेल्या.