बझर वाजला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ मी गाड्यांचं वायरिंग करतो. पावसाळ्यात जेएनपीटी बंदरातून येणाऱ्या ट्रेलरवाल्यांची तक्रार ठरलेली: "मिस्त्री, हवेचा लाल दिवा जात नाही." म्हणजे एअर ब्रेकच्या टाकीत हवा कमी असल्याचा इशारा, बझरही त्याचाच. आणि त्याला जोडून, "सेन्सर कालच नवीन टाकलाय हो." सेन्सर म्हणजे टाकीतला हवेचा दाब डॅशबोर्डला सांगणारा.

आधी हवा मोजा, सेन्सर कुठे पळून जात नाही.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. हवा ८ बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास भरली की इंजिन बंद करा आणि टाकीच्या टेस्ट पॉइंटला हातातलं प्रेशर मीटर लावा. एअर ब्रेकच्या दोन लाइनी वेगळ्या असतात, टाक्याही वेगळ्या, म्हणून दोन्ही मोजायच्या. आपलं मीटर आणि डॅशबोर्डचा काटा बरोबरीने उतरत असतील तर सेन्सर खरं बोलतोय. हवा गळतेय.

गेल्या जुलैत एक ट्रेलर आला होता. नुसता उभा केला की काटा हलत नव्हता. क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि साबणाचं पाणी शिंपडत मागे गेलो. मागच्या ॲक्सलजवळ पाइप क्लॅम्पला घासून झिजला होता, तिथे फेस उकळल्यासारखा वर आला. पाय काढला की फेस गायब! पेडलच्या पुढच्या पाइपात हवा ब्रेक मारल्यावरच जाते, त्यामुळे उभ्या गाडीत ही गळती सापडत नाही. नव्या सेन्सरचे पैसे पाण्यात.

आता उलट बाजू. आपलं मीटर ८ वर स्थिर आणि डॅशबोर्ड ३ दाखवतोय, तर वायरिंगकडे या. सेन्सरच्या आत हवेच्या दाबाने वाकणारा पातळ पडदा असतो. तो वाकला की त्यावरचा रेझिस्टन्स बदलतो. बाहेर बहुतेक तीन वायरी: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग, सिग्नल. (दोनच दिसल्या तर तो बहुधा साधा स्विच, त्याला पुढचं गणित नाही.) सिग्नलच्या वायरवर सहसा शून्य दाबाला ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला ४.५. म्हणजे १० बारच्या सेन्सरवर ८ बारला ३.७ व्होल्ट यायला हवेत. सुरुवात ०.५ पासून का? वायर तुटली तर सिग्नल थेट ० किंवा ५ वर जातो, आणि हवा गेली नसून वायर गेली आहे हे कंट्रोलरला कळतं.

मोजताना वायरीला सुई टोचू नका, त्याच भोकातून पाणी शिरतं. कनेक्टरच्या मागून मल्टीमीटरचा प्रोब घाला. पिना हिरव्या पडल्या असतील तर आधी त्या साफ करून पुन्हा मोजा.

एवढं करूनही आकडा चुकला, तर खुशाल सेन्सर बदला. पण टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय पाना लावू नका, नाहीतर सेन्सर गोळीसारखा सुटतो. टाकीचा ड्रेन उघडल्यावर आलेलं पाणी हातावर घेऊन बघा. तेलकट असेल तर नवा सेन्सर डब्यातच राहू द्या आणि आधी ड्रायर (हवा कोरडी करणारा) आणि कॉम्प्रेसर (हवा भरणारा) तपासा.