जिमचा विमा: कोणती पॉलिसी, किती रकमेची आणि त्यात कोणती वाक्यं तपासायची

बहुतेक जिममालक पहिला विमा घेतात तो बँकेने मागितला म्हणून. यंत्रांवर कर्ज असतं, बँकेला आगीचा विमा हवा असतो, एजंट एक पॉलिसी आणून देतो आणि फाइल कपाटात जाते. त्या पॉलिसीने बँकेचे पैसे सुरक्षित होतात. पण ट्रेनरने पेलवणार नाही इतकं वजन उचलायला लावलं आणि सभासदाच्या मणक्याला इजा झाली, तर तिचा काही उपयोग नाही. जळालेली ट्रेडमिल पुन्हा घेता येते. कायमचं अपंगत्व आलेल्या माणसाची भरपाई द्यायची वेळ आली तर जिम विकावी लागू शकते. म्हणून निवडीची सुरुवात माणसांपासून करा, आग आणि पूर त्यानंतर.

फोन करण्याआधी यादी करा

जागा स्वतःची की भाड्याची, कितव्या मजल्यावर, बेसमेंट आहे का. स्टीम, सोना, पोहण्याचा तलाव, झुंबा, किकबॉक्सिंग, लहान मुलांचे वर्ग यांपैकी काय काय चालतं. पगारी ट्रेनर किती, कमिशनवर पीटी (एकेका सभासदाचं वैयक्तिक प्रशिक्षण) घेणारे किती. काउंटरवर प्रोटीन विकता का. ट्रेनर नसताना जिम उघडी असते का. हे सगळं प्रपोजल फॉर्ममध्ये जसंच्या तसं लिहा. हप्ता कमी बसावा म्हणून व्यवसायाच्या रकान्यात ‘दुकान’ किंवा ‘ऑफिस’ लिहून देणारे एजंट भेटतात. त्यांना तिथेच थांबवा. खोटी माहिती हे दावा नाकारण्याचं सर्वात सोपं कारण असतं.

सभासदाला इजा झाली तर

यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते, म्हणजे बाहेरच्या माणसाला झालेल्या इजेची तुमच्यावर येणारी भरपाई देणारी. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी विमा कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, त्याच्याशी जिमचा संबंध नाही. तुम्हाला हवा तो बिगर-औद्योगिक जागेचा प्रकार. त्यात दोन मर्यादा असतात: एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात एकूण किती. मध्यम आकाराच्या जिमने एका घटनेसाठी ५० लाख आणि वर्षाला १ कोटी याच्या खाली जाऊ नये, असं आमचं मत आहे. तलाव असेल तर याहून जास्त.

रकमेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे अपवादांचं पान. कोटेशनवर समाधान मानू नका, पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागवा आणि त्यात पुढच्या गोष्टी शोधा.

पहिली गोष्ट: खेळात किंवा व्यायामात भाग घेणाऱ्यांना झालेली इजा वगळली आहे का? अशी ओळ असेल तर ओल्या फरशीवरून घसरलेल्या माणसाचा दावा मिळेल, पण बेंच प्रेस करताना बार छातीवर पडलेल्या सभासदाचा नाही. म्हणजे जिमसाठी ती पॉलिसी जवळपास निरुपयोगी. हा अपवाद काढल्याचं एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची कंपनीची नोंद) लेखी घ्या. ‘सर, होऊन जाईल’ या एजंटच्या शब्दावर राहू नका.

दुसरी: व्यावसायिक सल्ल्यातून झालेलं नुकसान वगळलेलं असतं. व्यायामाचा आराखडा, आहाराचा तक्ता, दुखापतीनंतरचं मार्गदर्शन हे सगळं सल्ल्यात मोडतं. त्यासाठी प्रोफेशनल इंडेम्निटी (चुकीच्या सल्ल्याच्या भरपाईची पॉलिसी) वेगळी घ्यावी लागते आणि तिच्यात कमिशनवरच्या ट्रेनरांचाही उल्लेख हवा. ते पगारपत्रकावर नसले तरी नोटीस जिमच्या नावाने येते.

तिसरी: वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत धरला आहे की वर? आत असेल तर खटला लांबेल तशी भरपाईसाठी उरणारी रक्कम आटत जाते.

चौथी: अशा बऱ्याच पॉलिसी, दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालतात. आज झालेल्या इजेची नोटीस वर्षभराने येऊ शकते. त्यामुळे नूतनीकरणात खंड पडू देऊ नका आणि कंपनी बदलताना जुनी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख (जिच्यानंतरच्या घटना विम्यात धरल्या जातात ती) कायम ठेवून घ्या.

‘इजा झाल्यास जिम जबाबदार नाही’ अशा फॉर्मवर सही घेतली की सुटलो, हा गैरसमज पक्का रुजला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार शुल्क भरणारा सभासद ग्राहक आहे आणि जिमचा निष्काळजीपणा दिसला तर त्या सहीने जबाबदारी पुसली जात नाही. फॉर्म तरीही घ्या, पण त्यात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, जुन्या शस्त्रक्रिया, चालू औषधं यांची माहिती विचारा. बचाव करताना खरा उपयोग त्या माहितीचा होतो.

हृदयविकाराच्या झटक्याबद्दल मालक सर्वात जास्त विचारतात. सभासदांसाठी काढलेल्या समूह अपघात विम्यात तो सहसा बसत नाही, कारण विम्याच्या भाषेत तो अपघात नव्हे, आजार आहे. लायबिलिटी पॉलिसी पैसे देते ती जिमची चूक असेल तरच: त्रास सांगूनही सेट पूर्ण करायला लावला, मदत उशिरा बोलावली, प्रथमोपचार येणारं कोणी हजर नव्हतं. त्यामुळे प्रत्येक पाळीत सीपीआर शिकलेला एक तरी माणूस ठेवा. ही सोय कोणतीही पॉलिसी करून देणार नाही.

कर्मचारी

लायबिलिटी पॉलिसीत तुमचे स्वतःचे कर्मचारी येत नाहीत. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) नोंद असलेल्यांची कामावरच्या इजेची सोय तिथे होते, पण तिथली पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्यावरचे ट्रेनर आणि नोंद नसलेले सफाई कर्मचारी यांच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. पगार खरे दाखवा.

यंत्रं, आरसे, जागा

एका ठिकाणच्या मालमत्तेचं मूल्य ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी लागू होते. एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे तिचा मूळ मसुदा सारखाच आहे, त्यामुळे तुलना हप्ता आणि सेवेची करायची. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे त्यात येतं. साधी चोरी येत नाही, तिच्यासाठी बर्ग्लरी पॉलिसी. आणि तिथेही कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते. दिवसाढवळ्या बॅगेतून गेलेल्या डंबेलचे पैसे मिळत नाहीत.

विमा रक्कम ठरवताना यंत्राची आजची नवी किंमत, वाहतूक आणि जोडणीचा खर्च धरा, आणि ‘रीइन्स्टेटमेंट’ (नव्या यंत्राच्या किमतीने भरपाई) पद्धत मागा. बाजारमूल्यावर घेतली तर घसारा वजा होऊन हातात थोडंच पडतं. रबर फ्लोअरिंग, एसी, वायरिंग, फॉल्स सीलिंग, साउंड सिस्टिम विसरू नका. भाड्याच्या जागेत हा खर्च तुमचा असतो, घरमालकाच्या विम्यात तो येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. म्हणजे नवीन यंत्रावरचा कर तुमच्याच खिशातून जातो. २५ लाखांच्या यंत्रांवर १८ टक्क्यांनी साडेचार लाख होतात, तेही विमा रकमेत घाला. हप्त्यावरचा जीएसटीसुद्धा आता खर्चच समजा.

रक्कम कमी लावली तर काय होतं? सामान ४० लाखांचं, विमा २० लाखांचा, नुकसान ८ लाखांचं: हातात ४ लाख. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढे अशीच कात्री लागते.

ट्रेडमिलची मोटर किंवा कंट्रोलर बोर्ड व्होल्टेज वरखाली होऊन जळला तर आगीच्या पॉलिसीतून त्या यंत्राचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउन. तिच्यातही झिजणारे भाग, म्हणजे ट्रेडमिलचा पट्टा आणि केबल मशीनच्या केबल, वगळलेले असतात. चारपाचच ट्रेडमिल असतील तर चांगला स्टॅबिलायझर आणि कंपनीचं वार्षिक देखभाल कंत्राट जास्त फायद्याचं. भिंतभर आरसे असतील तर प्लेट ग्लास पॉलिसी स्वस्तात मिळते.

बेसमेंटमधल्या जिमने पुराबाबत वेगळी अट आहे का हे लेखी विचारावं. कोल्हापूर, सांगली, चिपळूण किंवा पुण्यात नदीकाठच्या भागात जिम असेल तर हप्ता वाचवण्यासाठी पूर-वादळाचं संरक्षण वगळण्याचा विचारही करू नका.

जिम बंद राहिली तर

आगीनंतर चार महिने जिम बंद असली तरी भाडं, पगार आणि कर्जाचं व्याज सुरूच राहतं. आगीच्या पॉलिसीला जोडून मिळणारा ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ (बुडालेल्या नफ्याचा) विमा हे भरून देतो. कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता मात्र त्यात येत नाही. कालावधी किमान ६ महिन्यांचा घ्या, कारण आयात यंत्रं यायला वेळ लागतो आणि निघून गेलेले सभासद पहिल्याच दिवशी परतत नाहीत. हा विमा मालमत्तेचं नुकसान झालं तरच लागू होतो. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या जिम मार्चपासून दसऱ्यापर्यंत बंद होत्या. तसल्या सरकारी आदेशाची भरपाई यातून मिळत नाही.

हप्ता भरताना आणि दावा करताना

विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या खात्यावर पैसे टाकून निर्धास्त होऊ नका, कंपनीची पावती पाहा.

इजा झाली की त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि सीसीटीव्हीचं चित्रण पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कारण रेकॉर्डर काही दिवसांनी त्यावर नवीन चित्रण लिहितो. यंत्राचं देखभाल रजिस्टर जपा आणि ते यंत्र सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत दुरुस्त करू नका. जखमीला दवाखान्यात जरूर पोचवा, सोबत माणूस द्या. पण कंपनीला न विचारता भरपाई कबूल करू नका किंवा चूक मान्य असल्याचं लिहून देऊ नका, तेवढ्यावरून दावा अडू शकतो.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एकल मालकीची जिम आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) विनाशुल्क जाऊ शकतात. महाराष्ट्रात त्याची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते. सूक्ष्म उद्योग असल्याचं दाखवणारं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत जोडा.