उन्हाळी तोडणी व राबभाजणी : मजुरांमधील उष्माविकार वेळीच ओळखा

मुरबाड व शहापूर तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत भेंडीची तोडणी, उन्हाळी भाताची कापणी आणि राबभाजणी (भाताच्या रोपांसाठीची जागा पालापाचोळा जाळून भाजणे) ही कामे एकमेकांना लागूनच येतात. विदर्भासारखा पारा ४५ अंशांवर चढत नाही, म्हणून ठाणे जिल्ह्यात उष्माघाताचा धोका कमी आहे, हा समज सोडावा. हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. भारतीय हवामान विभागही किनारी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० नव्हे, तर ३७ अंशांपासून करतो. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हाने ज्यांचा बळी घेतला, ते तर नुसते मैदानात बसले होते.

त्यामुळे तापमानाच्या आकड्यापेक्षा मजुराकडे पाहावे. कामावर नव्याने आलेल्या किंवा आजारपणानंतर परतलेल्या मजुराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक काम देऊ नये. मजूर विश्रांतीस बसताच मुकादमाने त्याची नाडी मोजावी आणि ठोके मिनिटाला ११० पेक्षा जास्त भरल्यास पुढील कामाची पाळी एक तृतीयांशाने कमी करावी. हे साधन बिनखर्चाचे असूनही क्वचितच वापरले जाते. पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, लघवी गडद पिवळी होणे ही लक्षणे दिसताच मजुराला सावलीत बसवून जलसंजीवनी द्यावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी तहान नसतानाही प्यायला लावावे. राबभाजणी पहाटेच उरकावी, कारण तेथे उन्हात आगीची धग मिसळते.

मजूर असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल गेला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याचे कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतत वारा घालावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये; कष्टाचे काम करणाऱ्याला त्या अवस्थेतही घाम येऊ शकतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

फवारणीच्या दिवशी विशेष दक्षता घ्यावी, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, मळमळ आणि चक्कर येते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील किंवा तोंडातून लाळ गळत असेल, तर विषबाधेची शंका घ्यावी आणि औषधाची बाटली लेबलासह रुग्णालयात सोबत न्यावी.