क्वांटम क्रिप्टोग्राफीच्या परिषदेला काम पाठवताना

शिवाजी विद्यापीठातून किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजातून क्वांटम क्रिप्टोग्राफीवरचा (क्वांटम भौतिकीच्या आधारे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्रावरचा) शोधनिबंध परिषदेला पाठवणार असाल, तर ती परिषद निबंधसंग्रह (प्रोसीडिंग्ज) छापते का, हे आधी पाहा. क्यूक्रिप्ट ही या विषयाची परिषद छापत नाही, त्यामुळे तेच काम जर्नललाही देता येतं. युरोक्रिप्ट ही एकूण क्रिप्टोग्राफीची परिषद छापते आणि तिथे लेखकाची ओळख दिसता कामा नये. पहिल्या पानावरून नाव काढलं तरी ते पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि आभारात राहून जातं. ‘आमच्या मागील निबंधात’ एवढ्या शब्दांनीही ओळख फुटते.

सारांशात सर्वाधिक जागा सुरक्षेच्या सिद्धतेला द्या. हल्लेखोर प्रत्येक सिग्नलवर वेगवेगळा हल्ला करतो की सगळ्यांवर मिळून, हे गृहीतक स्पष्ट लिहा. बीबी८४ या गुप्त किल्ली वाटण्याच्या क्वांटम पद्धतीची सुमारे ११ टक्के त्रुटीची मर्यादा (त्यापुढे किल्ली सुरक्षित धरता येत नाही) अमर्याद लांब किल्लीसाठी आहे. तुम्ही पाठवलेले प्रकाशाचे पल्स मोजकेच असतील, तर मर्यादित लांबीच्या किल्लीचा दर द्या. परीक्षक नेमके इथेच अडवतात, आणि ते योग्यच आहे.

मुदतीपुढे ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत) असेल, तर रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५.२९. तरी एक प्रत आदल्या दिवशीच चढवून ठेवा. वळवाच्या पावसात वीज गेली की नेटही जातं.