सापाला न हलवता सापाचा फोटो कसा काढावा

नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस स्थिरावला की साप, सरडे आणि पाली हमखास दिसण्याचे दिवस सुरू होतात. कॅमेरा घेऊन तिकडे जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी: प्राणी जिथे दिसला तिथेच राहील, जागा बदलायची ती आपण. काठीने उचलून साप मोकळ्या दगडावर ठेवणे किंवा त्याने वेटोळे घालावे म्हणून त्याच्यावर टोपी झाकणे, हे प्रकार अजूनही चालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असा त्रास देणे हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय त्या फोटोतला साप बिथरलेला असतो आणि जाणकाराला ते लगेच कळते.

लेन्स निवडताना अंतराचा विचार आधी करावा. बहुतेक साप आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या लांबीपर्यंत झेप घेतात, त्यामुळे किमान त्याच्या पूर्ण लांबीइतके आणि विषारी असल्यास दोन मीटर अंतर ठेवणे इष्ट. १०० मि.मी.ची मॅक्रो लेन्स (जवळून बारीक तपशील टिपणारी) पूर्ण क्षमतेने वापरायची तर तिचे तोंड प्राण्यापासून वीतभरावर न्यावे लागते. म्हणून ती पाली आणि सापसुरळ्यांसाठी राखावी. घोणस, फुरसे, चापडा (झाडाझुडपांवरचा विषारी साप) यांच्यासाठी ३०० मि.मी. किंवा १०० ते ४०० मि.मी.ची झूम लेन्सच बरी.

चापडा हा नवशिक्यासाठी उत्तम विषय आहे, कारण तो भक्ष्याची वाट पाहत कारवीच्या किंवा बांबूच्या फांदीवर तासन्‌तास हलत नाही. आधी आपल्या पायाखालची आणि आजूबाजूच्या फांद्यांची नीट पाहणी करावी, कारण त्याच झुडपात दुसरा चापडा असू शकतो, आणि मगच कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. वरून काढलेला फोटो केवळ नोंदीपुरता उपयोगी पडतो. फोकस डोळ्यावरच हवा. चापड्याची बाहुली उभ्या चिरेसारखी असते, हरणटोळाची आडवी; हरणटोळाचे तोंड लांब आणि निमुळते असल्यामुळे समोरून घेतल्यास नाकाचे टोक तरी पुसट होते किंवा डोळा तरी, म्हणून त्याला बाजूने टिपावे. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ ते एफ ११ इतके लहान ठेवल्यास डोके पूर्ण स्पष्ट येते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. तो दुधाळ निळसर दिसू लागला की साप कात टाकण्याच्या बेतात आहे असे समजावे. अशा वेळी त्याला नीट दिसत नाही आणि तो चटकन चिडतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

ओल्या खवल्यांवर थेट फ्लॅश मारला की पांढरे डाग उमटतात, त्यामुळे फ्लॅशवर मोठा डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) हवाच. दिवसा लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावल्यास पानांवरची चमक उतरते आणि हिरवा रंग खुलतो, मात्र जवळजवळ दोन स्टॉप (म्हणजे साधारण तीन चतुर्थांश) प्रकाश कमी होतो आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागतो.

आर्द्रतेचा धडा मला एका घोरपडीने दिला. एसी चालू असलेल्या गाडीतून उतरून मी तसाच कॅमेरा रोखला, लेन्सवर दाट वाफ धरली आणि ती पुसून होईपर्यंत घोरपड कातळाच्या फटीत शिरली होती. तेव्हापासून जंगल येण्याच्या अर्धा तास आधीच मी एसी बंद करतो. (सोबतच्यांची कुरकुर ऐकून घ्यावी लागते.)

रात्री जायचे तर वनविभागाची परवानगी, जवळच्या पाड्यावरचा माहितगार सोबती, गमबूट आणि दोन टॉर्च हवेत. मण्यार रात्रीच फिरते, म्हणून गुडघा टेकण्यापूर्वी जमिनीवर उजेड टाकावा. दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठीच बनते, चापड्याचे विष तिच्यात धरलेले नाही. म्हणून साप कोणता होता ते डॉक्टरांना सांगावे, पण तो पकडून नेऊ नये.

फोटो इतरांना पाठवण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद (नेमक्या जागेचा पत्ता) काढून टाकावी. मांडूळ सापाची तस्करी आपल्या भागातही होते. फोटोखाली ‘इगतपुरी तालुका’ एवढाच पत्ता पुरे.