सोसायटीतल्या गर्दीत वायफायचं चॅनल कसं निवडावं

रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकायला लागला की आपण आधी इंटरनेटवाल्याला फोन लावतो. त्याआधी एक गोष्ट तपासा. त्याच वेळी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट घ्या. केबलवरही वेग कमी आला तर दोष लाइनचा, तक्रार जरूर करा. केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि वायफायवरच रखडतं, असं असेल तर शेजारपाजारच्या राउटरची गर्दी हे कारण असू शकतं, आणि त्यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे: राउटरचं चॅनल बदलणं, म्हणजे तो ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो ती जागा बदलणं.

घरचं वायफाय मुख्यतः फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल मिळतात. आकडे तेरा, पण जागा तेवढी नाही. लागून असलेल्या दोन चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं, आणि राउटर व्यापतो निदान २०. त्यामुळे ३ वरचा राउटर १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही. एकमेकांवर न चढता नीट बसतात ती तीनच: १, ६ आणि ११.

ही तिन्ही भरलेली दिसली की मोकळं म्हणून ३ किंवा ८ घेण्याचा मोह होतो. तो टाळाच. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांना ऐकतात आणि पाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण काम सुरळीत चालतं. अर्धवट चढलेल्या चॅनलवरून मात्र नुसता गोंगाट येतो. त्यात माहितीचे तुकडे खराब होतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. तुमचंही नुकसान, शेजाऱ्याचंही.

आता पाहणी. अँड्रॉइडवर एखादं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या. आयफोनवर अ‍ॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी चालतं, फक्त फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा स्कॅनर चालू करावा लागतो. सगळे घरी असतात अशा वेळी, म्हणजे रात्रीच, आधी राउटरपाशी आणि मग जिथे बसून काम करता तिथे उभं राहून बघा. प्रत्येक नेटवर्कपुढे चॅनल आणि उणे चिन्हाचा एक आकडा दिसेल. उणे ४५ म्हणजे सिग्नल जोरदार, उणे ८५ म्हणजे अगदी क्षीण.

समजा, ६ वर दोन नेटवर्कं आहेत, उणे ४५ आणि उणे ५२. ११ वर एकच, उणे ६०. आणि १ वर पाच, पण सगळी उणे ८५ च्या आसपास. नुसती संख्या मोजली तर १ सर्वांत वाईट दिसतं. तरीही घ्यायचं १ च. इतक्या क्षीण सिग्नलसाठी तुमचा राउटर सहसा थांबतच नाही.

स्वयंपाकघराजवळ राउटर असेल तर १ कडे आणखी थोडा कल ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे ८ आणि ९ च्या मधोमध. हा त्रास अ‍ॅपमध्ये दिसत नाही.

बदल करायला राउटरच्या तळाच्या लेबलवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका आणि लॉगिन करा. वायरलेस सेटिंगमध्ये चॅनल ‘ऑटो’वर असेल. बरेच घरगुती राउटर सुरू होताना एकदाच चॅनल निवडतात आणि तिथेच बसून राहतात, म्हणून आकडा स्वतः द्या. त्याच पानावर चॅनलची रुंदी ४० असेल तर २० करा. चाळीसवर जवळपास अर्धा पट्टा तुम्ही एकटेच अडवता. १२ आणि १३ सोडून द्या, अमेरिकेहून आणलेल्या काही लॅपटॉप-फोनना ती चॅनल दिसतच नाहीत.

टीव्ही, लॅपटॉप आणि नवे फोन ५ गिगाहर्ट्झवर हलवा. तिथे ऐसपैस जागा आहे आणि भिंतींमुळे शेजाऱ्यांचा सिग्नल तितकासा आत येत नाही. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनल घ्या. मधल्या ५२ ते १४४ मध्ये रडारचा हक्क पहिला. तिथे राउटरला आधी निदान मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो आणि रडार आढळलं तर चॅनल सोडावं लागतं, त्यामुळे विमानतळाजवळ किंवा हवामान रडारच्या टापूत कनेक्शन अधूनमधून तुटू शकतं.

दोन-तीन संध्याकाळी वापरून पाहा. तरीही अडकत असेल आणि अ‍ॅपमध्ये शेजारचं कोणी ३ किंवा ८ वर दिसत असेल, तर सरळ बेल वाजवा आणि त्यांचाही राउटर १, ६ किंवा ११ वर आणून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.