चढवायला चौघी, उतरवायला कोण?

गॅदरिंगचे आणि क्लासच्या वार्षिक कार्यक्रमांचे दिवस जवळ आलेत, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. मागच्या जानेवारीत धुळ्यात, मैदानावर मंडप टाकून आम्ही मुलांचा नाचाचा कार्यक्रम केला. 24 नाच, 110 मुलं. डाव्या विंगेत मुलांना स्टेजवर सोडायला आम्ही चौघी. उजवीकडून उतरणाऱ्या मुलांना घ्यायला मात्र कुणीच नाही. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या वहीत पहिली ओळ हीच लिहा: उतरायच्या बाजूला दोन माणसं.

सेफ्टी पिना, घुंगरं, पाणी तुम्ही नेणारच. गाणी 01, 02 असे दोन आकडी क्रमांक देऊन भरा, नाहीतर काही मशीनवर 1 नंतर थेट 10 वाजतं. दुसरा पेनड्राइव्ह पर्समध्ये असू द्या.

मैदानावर करणार असाल तर स्पीकरच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आधीच द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर. म्हणून हिशेब रात्री दहापासून मागे मागे लावा. एका नाचाला निवेदनासकट साडेपाच मिनिटं धरली तर 24 नाचांचे 132 मिनिटं होतात. त्यात सत्काराची 40 मिळवा. साडेसहाला पडदा उघडला तरच सव्वानऊ-साडेनऊला सुटाल. पाहुण्यांची वाट बघत बसू नका, सत्कार मधे घेता येतो.

क्रम लावताना एक मूल लागोपाठच्या नाचांत येऊ देऊ नका. नऊवारी सोडून घागरा चढवायला मधे दोन नाच तरी लागतात. नंदुरबारकडच्या काठी गावच्या आदिवासी होळीतला बुध्याचा नाच बसवला असेल तर अंगावरचे पांढरे ठिपके वाळायला वेळ द्या आणि विंगेत जागा मोकळी ठेवा. कमरेला भोपळे आणि डोक्यावर उंच टोप घातलेली आठ मुलं अरुंद विंगेत मावत नाहीत. स्टेजवरचा गालिचा ताणून कडेने चिकटपट्टी लावून घ्या, अनवाणी फिरून खिळे तपासा. मंडपवाला म्हणेल ‘झालंय मॅडम’, तरी स्वतः फिरा. आणि स्वेटर! जानेवारीतली आपल्याकडची थंडी माहीत असून आपण बिनबाह्यांचे ड्रेस घालून मुलांना दोन-दोन तास उघड्यावर बसवतो. प्रत्येकाची नावाची पिशवी हवी, त्यात स्वेटर आणि चपला.

आता पुन्हा उतरायची बाजू. तेरावा नाच कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, गाण्यावर होता. 16 मुली, एकाच रंगाच्या नऊवाऱ्या, एकसारखे अंबाडे, एकसारखी लाली. नाच झाला, टाळ्या पडल्या, मुली उजवीकडून उतरल्या आणि आम्ही चौघी चौदावा नाच सोडायच्या गडबडीत. थोड्या वेळाने एक आई मागे आली. ‘मनी पोर कोठे शे?’ (माझी पोर कुठे आहे?) ती एकेका मुलीची हनुवटी वर करून चेहरा बघत होती, मेकअपमुळे तिला पटकन ओळखू येईना. 15 मुली सापडल्या. माइकवरून तीनदा पुकारलं. 35 मिनिटांनी ती सात वर्षांची पोर मागच्या पडद्याआड गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीवर झोपलेली सापडली. हातपाय गार पडलेले, आणि पायाशी जनरेटरची वायर. उतरल्यावर कुणी हात धरला नाही, अंधारात जिथे मऊ लागलं तिथे बसली. त्या वायरीकडे बघून माझ्या पोटात जो गोळा आला, तो अजून जात नाही.

म्हणून उतरायच्या बाजूला दोन मोठी माणसं, हातात बॅटरी आणि रजिस्टर. ज्यांचं मूल त्या दिवशी नाचतंय अशा आई-बाबांना तिथे उभं करू नका, आपल्या मुलाचा नंबर आला की ते समोर धावणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही. प्रत्येक नाचापुढे दोन आकडे: किती चढली, किती उतरली. जुळले नाहीत तर पुढचं गाणं थांबवा. निवेदकाला आधीच सांगून ठेवा की उजवीकडून हात वर दिसल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. प्रेक्षक दोन मिनिटं थांबतात. पायऱ्यांवर एक बल्ब लावा. मनगटाला कापडी पट्टी बांधा, आतल्या बाजूला पालकांचा नंबर. उतरलेली मुलं रांगेने एकाच खोलीत न्या आणि पालकाने आपण दिलेली चिठ्ठी दाखवून सही केल्याशिवाय एकालाही सोडू नका. मामा असो, शेजारी असो, चिठ्ठी नाही तर मूल नाही. लोक चिडतात. चिडू द्या.

खिचडी मुलांना नाचाआधी थोडी, पोटभर नंतर. ड्रेपरीचे, म्हणजे भाड्याने आणलेले, ड्रेस त्याच रात्री मोजून गठ्ठे बांधा, दागिने वेगळे. साऊंडवाला, मंडपवाला यांचे पैसे पाकिटात तयार. झाडलोट सकाळी.

सगळ्यात शेवटी रजिस्टर घेऊन ग्रीनरूम, पडदे, स्टेजखालची जागा बॅटरीने बघा. 110 सह्या पुऱ्या झाल्याशिवाय लाइटवाल्याला एकही वायर काढू देऊ नका.